मशीनवरचा आळ

आमच्या बाबांना गिऱ्हाइकांचे चेहरे आठवत नाहीत. त्यात त्यांची काही चूक नाही, त्यांना ते दिसतच नाहीत. मान वर होत नाही, त्यामुळे समोर उभ्या माणसाचा छातीपासून खालचा भाग तेवढा त्यांना दिसतो आणि तेवढ्यावर ते माणूस ओळखतात. एखाद्या उंच गिऱ्हाइकाचं तोंड बघायचंच झालं, तर बाबा टेबलाला टेकतात, गुडघे वाकवतात आणि सगळं अंगच मागे कलतं करतात. नवख्या माणसाला वाटतं, म्हाताऱ्याला चक्कर आली. एकदोघांनी घाईघाईने धरलंही आहे त्यांना. मग बाबा चिडतात.

चिडणं हा त्यांचा जोडधंदा. मूळ धंदा कोट शिवण्याचा. दुकान म्हणजे एक लांबट अरुंद खोली. दाराशी काच, काचेजवळ कापड बेतायचं टेबल, मध्ये इस्त्रीची जागा आणि अगदी आत, भिंतीला लागून, पायाने चालवायची काळी मशीन. शेजारी लॉन्ड्री. लॉन्ड्रीची वाफ भिंतीतून आमच्याकडे झिरपते आणि त्यावरून दोन्ही दुकानदारांचं कायम वाजतं.

वाकलेल्या माणसाला नीट बसणारा कोट ही बाबांची खासियत. पाठ वाकली की साधा कोट मागून वर उचलला जातो आणि पुढून लोंबतो. बाबा पाठीचा भाग लांब धरतात, पुढचे भाग आखूड करतात, कॉलरखाली जरा जास्त कापड सोडतात, आणि तो माणूस कोट घालून उभा राहिला की चारी बाजूंनी कड एका रेषेत येते. ही विद्या ते स्वतःच्या अंगावर शिकले. त्याआधी आजोबांच्या अंगावर शिकले, कारण आजोबांचीही पाठ अशीच होती. आजोबांचा एकच फोटो आहे आमच्याकडे. त्यात ते फोटोवाल्याकडे भुवयांखालून असे बघताहेत की वाटावं, त्याने यांचा खिसा कापलाय.

या पाठी कुणी खाल्ल्या, याबद्दल आमच्या घरात कधी दुमत नव्हतं. मशीनने खाल्ल्या. आजोबा शिंपी, त्यांची पाठ गेली. बाबा शिंपी, तिशी ओलांडायच्या आत त्यांची पाठ धरली. याला आणखी काय पुरावा हवा? डॉक्टरसुद्धा बाबांच्या हाताची बोटं बघायचे, धंदा विचारायचे, मान डोलवायचे आणि मलम लिहून द्यायचे. दिवसभर खाली मान घालून शिवणारा माणूस आणखी कसा दिसणार?

म्हणून बाबांनी नियम केला, की माझं कुठलंही पोर मशीनवर बसणार नाही. नुसता नियम करून ते थांबले नाहीत. मशीनच्या चाकावर एक चामड्याचा पट्टा असतो. तो नसेल तर पायटा कितीही हलवा, सुई हलत नाही. दुकान बंद करताना बाबा तो पट्टा काढायचे, गुंडाळून खिशात घालायचे आणि घरी आणायचे. जेवताना तो त्यांच्या खिशात असायचा. आई होती तेव्हा म्हणायची, "लोक दागिने जपतात, हे चामडं जपतात."

मला या पट्ट्याशी काही देणंघेणं नव्हतं. मी सरळ चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागले. गोची झाली धाकट्याची. उंच आणि काडीसारखा बारीक, म्हणून घरात सगळे त्याला दोरा म्हणतात. दोऱ्याला लहानपणापासून कापडाशिवाय काही सुचत नसे. टेबलाखाली बसून तो चिंध्यांना बाह्या लावायचा. बाबा त्याला कान धरून बाहेर काढायचे आणि मैदानावर पळायला पाठवायचे. मोठा झाल्यावर त्यांनी खटपट करून त्याला टपाल वाटायच्या कामाला लावला. दिवसभर चालायचं, जिने चढायचे, बसायचं म्हणून नाही. "या कामात पाठ ताठ राहते," बाबा सगळ्यांना सांगायचे. पोराला सापळ्यातून सोडवल्याचा त्यांना केवढा अभिमान होता. पोराला मात्र सापळ्यातच जायचं होतं, पण ते त्याला कोण विचारतो?

आणि मग दोऱ्याची पाठ दुखायला लागली.

सुरुवातीला त्याने सांगितलंच नाही. मला कळलं ते त्याच्या मोज्यांवरून. सकाळी तो मोजे घालायला पलंगावर बसायचा आणि पायापर्यंत हात न्यायला त्याला इतका वेळ लागायचा, की बघणाऱ्याला कंटाळा यावा. पहाटे दुखण्याने जाग यायची. उठून फेऱ्या मारल्या की बरं वाटायचं. कामावर गेला, दोन गल्ल्या फिरला, की अंग मोकळं व्हायचं. सगळ्यात वाईट दिवस रविवार आणि सोमवारची सकाळ.

हे कळल्यावर बाबांनी जो निष्कर्ष काढला, तो आमच्याच घरात निघू शकतो. चालल्यावर दुखत नाही, म्हणजे टपालाचं काम निर्दोष. सुट्टीच्या दिवशी दुखतं, म्हणजे हा सुट्टीच्या दिवशी काहीतरी करतो. आणि सुट्टीच्या दिवशी हा दुसरं काय करणार?

"खरं सांग, कुठे शिवतोस?" बाबांनी विचारलं.

"कुठे नाही."

"मशीन कुणाची? पट्टा कुठून आणलास?"

"बाबा, पट्टा तुमच्या खिशात आहे."

बाबांनी खिसा चाचपला. पट्टा होता. तरी त्यांचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी दोरा कामावर असताना त्यांनी त्याची खोली उलटीपालटी केली. मी अडवत होते. "तो काय लहान आहे का? काहीतरी लाज ठेवा." ऐकतो कोण? त्यांना वाकता येत नाही, म्हणून पलंगाखालचं त्यांनी काठीने बाहेर ओढलं. एका जुन्या चादरीत गुंडाळलेलं जाकीट निघालं. बिनबाह्यांचं, राखाडी, आतून अस्तर लावलेलं, पूर्णपणे हाताने शिवलेलं. मला ते माहीत होतं. दोरा ते खिडकीच्या कठड्याशी उभा राहून शिवायचा.

बाबा ते घेऊन उजेडात गेले. त्यांनी ते उलटं केलं, अस्तर बघितलं, मग एक एक काज नखाने तपासलं. बराच वेळ तपासलं. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलतील. एरवी दुसऱ्याच्या शिलाईला ते "ठीक आहे" एवढंही म्हणत नाहीत, पण त्यांचं बोट त्या काजांवरून पुन्हा पुन्हा फिरत होतं. मग त्यांनी जाकीट घडी करून काखेत मारलं.

"सापडला चोर," ते म्हणाले.

"बाबा, ते उभं राहून शिवलंय. बसून नाही."

"मान तर खाली घातलीच ना?"

दगडावर डोकं आपटलं तर निदान आवाज तरी येतो.

त्यानंतर उपचार सुरू झाले. उपचार म्हणजे विश्रांती. दोऱ्याला कामावरून रजा घ्यायला लावली, फळीवर निजवला आणि हलायचं नाही म्हणून बजावलं. आठवडाभर पडून राहिल्यावर तो अशा अवस्थेला आला, की कुशीवर वळताना दात आवळायचा. मी म्हटलं, याने वाढतंय. बाबा म्हणाले, आत मुरलेलं बाहेर येतंय. आणि दोरा, हा पंचवीस उलटलेला घोडा, मुकाट्याने पडून राहिला. कारण त्यालाही ते खरं वाटत होतं. शिवल्याची शिक्षा मिळतेय, असंच त्याच्या मनाने घेतलं होतं. मला बाबांपेक्षा त्याचाच जास्त राग आला.

त्याच आठवड्यात बाबांनी जाहीर केलं, की दुकान विकायचं. लॉन्ड्रीवाल्याला मधली भिंत पाडून जागा वाढवायची होतीच. मशीन भंगारात द्यायची. "ती समोर आहे तोवर याचं मन तिथेच जाणार," बाबा म्हणाले. दोरा फळीवरून छताकडे बघत होता. त्याने फक्त विचारलं, "कात्री पण?" बाबा म्हणाले, "कात्री पण."

पुढचं सगळं घडलं ते डोळ्यामुळे. एका दुपारी दोरा माझ्या दुकानात आला. एक डोळा लालभडक, त्यावर हात. म्हणाला, "ताई, काळा चष्मा दे. उजेड सहन होत नाही." मला वाटलं, डोळे आले असतील. मी त्याला दूर उभं केलं, काउंटरला हात लावू नको म्हटलं, आणि वरच्या मजल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते आमचे शेजारी. थोड्या वेळाने त्यांनी मलाच वर बोलावलं.

"डोळे आलेले नाहीत. डोळ्याच्या आत सूज आहे," ते म्हणाले. मग दोऱ्याकडे वळून म्हणाले, "सकाळी उठल्यावर पाठ आखडते का तुझी?"

लाल डोळा दाखवायला आलेल्या माणसाला पाठीचं विचारणारा हा पहिलाच डॉक्टर. त्याआधी पाठीसाठी चार डॉक्टर झाले होते. त्यांनी पाठच बघितली होती, आणि शिंप्याचं घर म्हटल्यावर तीही धड बघितली नव्हती.

त्यांनी सांधेदुखीच्या डॉक्टरीणबाईंकडे चिठ्ठी दिली. तिथे रक्त तपासायला गेलं, एक्स-रेचे फोटो निघाले. निकालाच्या दिवशी बाबाही आले. येणार नव्हते, पण "त्या बाईंना धंद्याची माहिती कोण देणार?" म्हणून आले.

बाई शांत होत्या. त्यांनी दोऱ्याच्या कमरेचा फोटो उजेडावर लावला आणि सांगितलं, की कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वर, जिथे कणा बसतो तिथल्या सांध्यांना सूज आहे. शरीराचं संरक्षण करणारी फौज स्वतःच्याच सांध्यांवर उलटली आहे. तशीच ती डोळ्यावर उलटली. वेळीच औषध आणि व्यायाम सुरू केला नाही, तर मणके हळूहळू एकमेकांना चिकटतात आणि पाठ वाकलेली तशीच राहते.

"आणि रक्तात एचएलए बी सत्तावीस सापडलाय," त्या म्हणाल्या. "हा एक आनुवंशिक घटक आहे. तो आईवडिलांकडून येतो."

"सोळा नंबरची सुई असते, अठरा नंबरची असते," बाबा म्हणाले. "हे सत्तावीस नंबरचं काय काढलंत?"

"तुमच्या पाठीतही बहुतेक हेच आहे. तुमच्या वडिलांचीही अशीच होती म्हणालात ना?"

"आम्ही शिंपी आहोत हो. मशीनवर बसून झालंय ते."

"शिवून पाठ दुखते. शिवून मणके चिकटत नाहीत. बरं, घरात शिवणकाम न करणारं कुणी आहे का, ज्याची पाठ अशी आहे?"

"कुणी नाही," बाबा म्हणाले.

"आत्या," मी म्हणाले.

"तिचं काय? तिचं नाटक आहे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. ती आमच्या घराविषयी असेल असं वाटलं नव्हतं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. सिनेमाच्या थिएटरात बॅटरी घेऊन अंधारात लोकांना खुर्च्या दाखवायचं काम तिने आयुष्यभर केलं. हे काम तिने निवडलं कारण पहिला खेळ दुपारी असायचा. सकाळी तिला उठता येत नसे. तरुण वयातच सकाळी पलंगाच्या कडेला बसून राहायची, भिंतीला धरून उठायची, आणि दुपार झाली की थिएटरच्या पायऱ्या भराभर चढायची उतरायची. घरच्यांनी याचा सरळ अर्थ लावला. सकाळच्या कामाच्या वेळी आजारी, दुपारी सिनेमाच्या वेळी ठणठणीत. आजीने तिचं नाव ठेवलं नाटकी, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. पुढे तिची पाठ वाकली, तेव्हा म्हणाले, अंधारात वाकून वाकून चालायची सवय. मशीनला हात न लावणाऱ्या बाईची पाठ मशीनने खाल्ली असं म्हणता येईना, म्हणून तिची पाठ हिशेबातच धरली नाही.

कोट मात्र तिला बाबाच शिवून द्यायचे. आणि गंमत बघा, गावभरच्या वाकलेल्यांना पाठ लांब धरून देणारा हा माणूस बहिणीचा कोट सरळ बेतायचा. तो मागून वर उचलला जायचा, वारा आत शिरायचा. ती तक्रार करायची तेव्हा बाबा म्हणायचे, "कोटाला काही झालेलं नाही. तू नीट उभी राहा, कोट नीट बसेल." नाचता येईना अंगण वाकडं, असंही वर ऐकवायचे.

डॉक्टरीणबाईंनी आत्याची सगळी हकीकत मला विचारली आणि म्हणाल्या, "त्यांना घेऊन या." मग दोऱ्याला औषधं समजावून सांगितली. रोज व्यायाम, पोहता आलं तर उत्तम, पडून राहायचं नाही.

दोऱ्याने त्या सगळ्या वेळात एकच प्रश्न विचारला. "मी शिवलं तर चालेल?"

"शीव की. फक्त एका जागी तासन् तास बसायचं नाही. उठायचं, फिरायचं, पुन्हा बसायचं."

त्याचा चेहरा बघायला हवा होता. पण बाबांना तो दिसण्याचा प्रश्न नव्हता, त्यांना दिसत होते फक्त त्याचे गुडघे. ते खुर्चीत पुढे सरकले.

"म्हणजे हे मी दिलं त्याला."

"असं देणं घेणं नसतं ते," बाई म्हणाल्या. "हा घटक असलेल्या बहुतेक लोकांना आयुष्यात काहीही होत नाही. घरात कुणाला आजार असेल तर शक्यता वाढते, एवढंच. इतरही बरेच घटक असतात. सगळे अजून नीट कळलेलेही नाहीत."

"मग याच्या पोरांना होईल की नाही?"

"सांगता येत नाही. होऊ शकतं. बहुतेक नाही होणार."

"हो की नाही ते सांगा."

"तसं सांगता येत नाही, काका."

"मी गिऱ्हाइकाला म्हटलं, तुमची छाती अमुक असू शकते, बहुतेक नसेल, तर तो कोट माझ्या तोंडावर फेकेल."

बाई हसल्या. मला हसू आलं नाही. पहिल्यांदाच मला बाबांचं म्हणणं पटत होतं. इतक्या वर्षांनी कुणीतरी खरं उत्तर दिलं, आणि ते खरं उत्तर असं, की हातात धरावं तर निसटावं. खोटं उत्तर किती पक्कं होतं. मशीन. एक शब्द, आणि विषय संपला.

बाबांनी मग मला पुढे केलं. "हिचं रक्त तपासा. हिच्या पोरीचंही."

"यांना काही त्रास होतोय का? नाही ना? मग तपासून काय करणार? घटक सापडला तरी त्यावर औषध नाही, आणि नुसता धसका मात्र बसेल."

हात दाखवून अवलक्षण कशाला, असं मीही म्हटलं. पण खोटं कशाला बोलू? त्या दिवसापासून मी सकाळी डोळे उघडले की आधी पाठ हलवून बघते. लेक उशिरा उठली की तिच्यावर ओरडायच्या आधी तिच्या पाठीकडे बघते. या गोष्टीचा मला इतका संताप येतो, की तो कुणावर काढावा कळत नाही. मशीनवर काढता येत होता तेच बरं होतं.

आता वाटेल, बाबांनी दुकान विकायचं रद्द केलं असेल. छे. आमच्याकडे एक खूळ गेलं की दुसरं त्याच खुर्चीत येऊन बसतं. आधी सगळा दोष मशीनचा होता, आता सगळा दोष रक्ताचा झाला. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार," असं ते येता जाता पुटपुटायला लागले. दोऱ्याला म्हणाले, लग्नाचा विचार करू नकोस. मला म्हणाले, पोरीला जपून वाढव, जसं काही मी तिला आपटून वाढवत होते. आणि दुकान? "माझ्याकडून त्याला जे मिळालं तेवढं पुरे झालं. आता आणखी काही द्यायचं नाही."

दोऱ्याने एकदाच तोंड उघडलं. "बाबा, जे नको होतं ते मिळालं. जे हवं होतं ते तरी द्या." बाबांनी लॉन्ड्रीवाल्याला सोमवारी भिंत बघायला बोलावलं.

आत्याला मी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. फोटो बघून बाई म्हणाल्या, कण्याचे मणके इतके जुळलेत, की तो बांबूसारखा एकसंध दिसतोय. तरुणपणी खूप सोसलं असेल तुम्ही. आत्याने मान हलवली नाही, तिला ती हलवताच येत नाही. ती म्हणाली, "हे मला लिहून द्या." बाई म्हणाल्या, "रिपोर्टमध्ये आहेच." आत्या म्हणाली, "तसं नाही. मोठ्याने म्हणा परत." बाईंनी परत म्हटलं. घरी येताना सबंध रस्ता आत्या माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, धसका घेतला. नंतर कळलं, तिचा राग इतका मोठा होता की तो बाहेर काढायला तिला जागा हवी होती.

सोमवारी सकाळी लॉन्ड्रीवाला टेप घेऊन दुकानात भिंत मोजत होता. बाबा टेबलाशी उभे होते. मी कामावर जाण्याआधी मुद्दाम आले होते, पण माझं कुणी ऐकत नव्हतं. दोरा मशीनपाशी उभा होता, तिच्या चाकावर हात ठेवून. दार ढकलून आत्या आली. सकाळी. ज्या वेळी तिला कुणी कधी रस्त्यावर पाहिलं नव्हतं, त्या वेळी ती भिंती धरत धरत चालत आली होती.

"दादा," ती म्हणाली, "हे काय चाललंय?"

"दुकान देतोय."

"का?"

"तुला कळणार नाही."

"मला कळणार नाही? मी आयुष्यात सुई हातात धरली नाही. बटण तुटलं तरी तुझ्याकडे आणलं. मग ही पाठ मला कुठून आली?"

"कळलंय मला ते. रक्तातून आली. म्हणून तर देतोय. माझ्याच रक्ताने पोराचं वाटोळं केलं."

"तुझं रक्त काय मशीन आहे, पट्टा काढून खिशात घालायला?" आत्या म्हणाली. "रक्ताचं तू काय करणार होतास? तुझ्यासारखंच रक्त माझं. आपल्या बाबांचंही तेच. त्यात कुणी काही केलेलं नाही. आणि दुकान विकून रक्त बदलणारे का त्याचं? त्याला शिवायचंय, तर शिवू दे."

"आणि उद्या त्याची पाठ—"

"त्याच्या पाठीला औषध आहे. वेळेवर कळलंय. मला कळलं असतं तर मीही घेतलं असतं. मला तुम्ही नाटकी म्हणालात. आई म्हणाली, बाबा म्हणाले, आणि तू तर अजून म्हणतोस. रक्ताचा दोष तुझ्यावर कुणी घातलेला नाही, दादा. पण तुझा एक दोष आहे, तो बघ." आणि ती हळूहळू वळली, पायांनी, सबंध अंगाने, आणि बाबांकडे पाठ करून उभी राहिली.

कोट मागून उचललेला होता. आतल्या कपड्यांची कड दिसत होती. बाबांना माणसाचं तोंड दिसत नाही, पण कोटाची कड त्यांना अगदी समोर दिसते. ती इतकी वर्षं दिसत होती.

लॉन्ड्रीवाला अवघडला. "मी मग येऊ का?" त्याने विचारलं.

"भिंत राहू दे," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे राहू दे. आणि तुझी वाफ जरा कमी कर."

लॉन्ड्रीवाला काहीतरी पुटपुटत गेला. बाबांनी खिशातून पट्टा काढला आणि टेबलावर ठेवला. दोऱ्याकडे न बघता म्हणाले, "लाव." दोरा खाली बसला. बसताना त्याला वेळ लागला, कारण सकाळ होती. त्याने पट्टा चाकावर चढवला, टोकांचा आकडा अडकवला आणि चाक हाताने एकदा फिरवलं. सुई खाली गेली, वर आली.

"अर्धा तास झाला की उठायचं," बाबा म्हणाले. "चौकापर्यंत जाऊन यायचं. मी बघणार आहे." म्हणजे आता पट्ट्याऐवजी घड्याळ त्यांच्या खिशात जाणार, हे मी ओळखलं. सुधारणा झाली तर एवढीच होणार.

माफी वगैरे ते काही मागणार नव्हते. ते शब्द त्यांच्याकडे नाहीतच. त्यांनी गळ्यातला टेप काढला. "दोऱ्या, खडू घे. माप लिहून घे." ते आत्याच्या मागे जाऊन उभे राहिले. टेप लागल्याबरोबर आत्याने सवयीने छाती पुढे काढली, हनुवटी वर करायचा प्रयत्न केला, जेवढी ताठ होता येईल तेवढी झाली. इतकी वर्षं ऐकलेलं अंगात भिनलं होतं.

"ताठ नको," बाबा म्हणाले. "जशी आहेस तशी उभी राहा."

आत्याने हळूच अंग सोडलं. बाबांनी मानेच्या मणक्यावर टेप धरला, पाठीच्या वाकावरून तो बोटांनी दाबत दाबत खाली आणला, कुठेही न ओढता. दोऱ्याला आकडा सांगितला. मग जुन्या कोटाची पाठ मोजली, त्याचाही आकडा सांगितला, आणि दोन्हीतला फरक स्वतःच्या बोटांनी टेबलाच्या कडेवर धरून बघितला.

"चार बोटं जास्त धरायची," ते म्हणाले.

आत्या अजून त्यांच्याकडे पाठ करूनच उभी होती. तिचं तोंड फक्त मला दिसत होतं.

"चार बोटं," ती म्हणाली. "इतकंच होतं होय."